खिडकी बदलावी का?



आपल्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीला जोडलेली एक रबरी नळी असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. ती तारीख उलटली म्हणून नळी काही त्याच रात्री फुटत नाही. दुसऱ्या दिवशीही चहा होतो, पोळ्या होतात, कुकरच्या शिट्ट्या होतात. वरून पाहिलं तर नळी अगदी धडधाकट दिसते. तरीही जाणती माणसं ती बदलून घेतात. कारण त्या तारखेनंतर ‘ही नळी चांगली आहे’ असं छातीठोकपणे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. पुढची जबाबदारी आपली.

घरातल्या संगणकाचंही नेमकं असंच असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ही अशीच एक तारीख होती. विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी थांबवली. त्याआधी कितीतरी दिवस घरोघरच्या पडद्यांवर सूचना झळकत होत्या. काहींनी त्या वाचल्या, बहुतेकांनी कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून त्या घालवल्या. मग १५ तारीख उजाडली, संगणक नेहमीसारखा सुरू झाला, आणि ‘काही होत नाही हो’ असं म्हणून मंडळी आपापल्या कामाला लागली.

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी की नाही, आणि ते ठरवायचं कसं? मी संगणकतज्ज्ञ नाही. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. पण पुस्तक कुठे ठेवलं, कसं ठेवलं आणि वीस वर्षांनी कुणी मागितलं तर ते सापडेल का, हा विचार करण्याची सवय त्या नोकरीने लावली. संगणकाच्या बाबतीत तीच सवय मला उपयोगी पडली.

आधी थोडं मुळापासून पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातला कारभारी. पाहुणा आला की दार उघडायचं, कोणती वस्तू कोणत्या कपाटात आहे ते लक्षात ठेवायचं, छपाईचा निरोप प्रिंटरला पोहोचवायचा, ही सगळी कामं तो करतो. आपण पत्र लिहितो, फोटो पाहतो, विजेचं बिल भरतो, तेव्हा समोर दिसतात ते वेगवेगळे प्रोग्रॅम. पण त्यांच्यामागे राबत असतो हा कारभारी. आता हा कारभारी म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळींची आज्ञावली. माणसांनी लिहिलं म्हणजे त्यात फटी राहणारच. त्या फटी चोरांच्या ध्यानात येतात, तशा कंपनीच्याही येतात. कंपनी दर महिन्याला त्या बुजवायला थोडा थोडा गिलावा पाठवते. आपल्याला ‘अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका’ असं दिसतं ना, तो हा गिलावा. देखभाल थांबली म्हणजे नवा गिलावा येणं थांबलं. जुन्या भिंती जागच्या जागीच आहेत. फक्त यापुढे सापडणारी फट उघडीच राहणार.

इथे एक शंका हमखास येते. ‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे की!’ आहे ना, चांगलंच आहे. पण अँटिव्हायरस म्हणजे फाटकावरचा वॉचमन. ओळखीच्या चोराला तो अडवतो. मागच्या खिडकीची कडीच तुटलेली असेल, तर वॉचमन कितीही जागा राहिला तरी ती कडी काही तो बसवून देत नाही. वॉचमनही हवा आणि कडीही हवी.

हा काही बागुलबुवा नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. संगणकातल्या फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, असा त्याचा धंदा होता. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आता यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट सांगते. ज्या फटीतून तो आत शिरला, ती बुजवण्याचा गिलावा कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे तब्बल दोन महिने आधीच पाठवला होता. आणि बाधित झालेल्या संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्या वेळी विंडोज ७ ची देखभाल चालू होती! म्हणजे प्रणाली मुदतीत होती, गिलावाही आला होता. तो लावून मात्र घेतला नव्हता. तेव्हा नुसती नवी प्रणाली घेतली की आपण सुरक्षित झालो, असंही नाही. नवी असो की जुनी, गिलावा येत राहिला पाहिजे आणि आपण तो लावून घेतला पाहिजे.

आणि हे दुखणं फक्त तुमच्या-आमच्या घरचं नाही. विंडोज एक्सपी आठवते? हिरव्या टेकडीचं आणि निळ्या आभाळाचं ते चित्र? आपल्याकडे कितीतरी जणांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो त्या चित्रासमोर. २००१ साली आलेल्या एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. त्यानंतरही आपल्या देशातली अनेक एटीएम यंत्रं एक्सपीवरच चालत होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना टप्प्याटप्प्याने मुदत आखून दिली आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रं देखभाल चालू असलेल्या प्रणालीवर आणायला सांगितलं. बँकांनाही असा धक्का द्यावा लागतो, तिथे आपण चालढकल केली तर नवल नाही.

मग बदलून टाकावी झालं, त्यात विचार कसला? तर विचार करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली अडचण यंत्राची. विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्या अटी बऱ्याच कडक आहेत. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणुकीची जागा हवी, हे ठीक. पण त्याशिवाय टीपीएम २.० नावाची एक सुरक्षा-तिजोरी यंत्रात असावी लागते, आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधी घेतलेला संगणक कितीही निगुतीने वापरला असला, तरी तो बहुधा या अटीत बसत नाही. आडवाटेने तो चढवून देणारे कारागीर भेटतात; पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळत राहतील, याची हमी कंपनी देत नाही. ज्या गिलाव्यासाठी खटाटोप करायचा त्याचीच हमी नसेल, तर तो खटाटोप कशासाठी?

दुसरी अडचण जुन्या सामानाची. विंडोज ११ फक्त ६४ बिटचीच मिळते. १९९० च्या दशकातले सोळा बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या प्रणालीवर चालत नाहीत. जुन्या प्रिंटरना ३२ बिटचा ड्रायव्हर असेल आणि कंपनीने पुढे ६४ बिटचा काढलाच नसेल, तर उत्तम चालणारा प्रिंटर मुका होऊन बसतो.

आणि तिसरी अडचण खास आपली, मराठी माणसांची. ती म्हणजे फॉन्टची. ही मला आमच्या घरातच भेटली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या घरी माझे सासरे आहेत, अप्पा. वय ८१. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हाती घेतलं. सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या विहिरी, पाणवठे, ओढे यांची माहिती गोळा करायची. विहीर कुणी खणली, पाणी किती हातांवर लागलं, कोणत्या दुष्काळात आटली, कोणती कधीच आटली नाही, तिला लोक काय नावाने ओळखतात, असं सगळं. गावोगाव हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून त्यांनी वह्या भरल्या आणि २००३ ते २००८ या काळात ते सगळं स्वतः एकेक अक्षर शोधत टंकलिखित केलं. चारशेच्या वर पानं आहेत. ज्यांनी माहिती दिली त्यातले बहुतेक जण आज हयात नाहीत. पुन्हा विचारायला जावं तर उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही.

आमचा संगणक २०१३ सालचा. तो विंडोज ७ घेऊन आला, २०१६ मध्ये विंडोज १० मोफत मिळत होती तेव्हा तीवर गेला. देखभाल संपल्याची सूचना पाहून अप्पांनी विचारलं, “सूनबाई, ही तारीख गेली म्हणजे उद्यापासून माझ्या विहिरी उघडायच्याच नाहीत का?”

मी म्हटलं, “उघडतील अप्पा. पण त्या कशात लिहिल्यात ते आधी बघू या.”

लिहिल्या होत्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या काळी बहुतेकांनी तसंच लिहिलं. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकांचा मजकूर, सोसायटीच्या नोटिसा, सगळं याच प्रकारचं. या फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर दिसतो ‘क’, पण संगणकाच्या पोटात साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट त्या चिन्हाला ‘क’चा मुखवटा चढवतो. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं. तो नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की विचित्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

युनिकोड आलं ते यावरचं उत्तर म्हणून. त्यात जगात वापरात असलेल्या बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिलेले आहेत. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. ‘क’चा क्रमांक ०९१५. तो विंडोजवर ‘क’ असतो, लिनक्सवर ‘क’ असतो, मोबाइलवरही ‘क’च असतो. आपण आज फोनवरून मराठीत जे निरोप पाठवतो ते याच जोरावर.

आता प्रणाली बदलताना काय होतं? जुना फॉन्ट ही एक साधी फाइल असते. ती उचलून नव्या संगणकात ठेवली तर जुना मजकूर बहुधा दिसतो. पण त्या फॉन्टमध्ये टंकलेखन करण्यासाठीचा जो प्रोग्रॅम होता, तो नव्या प्रणालीवर चालेलच असं नाही. काही प्रोग्रॅमना तर मागच्या बाजूला खोचायचं एक कुलूप असायचं आणि ते खोचायची जागाच आजच्या यंत्रांना नसते. म्हणजे वाचता येईल, पण दुरुस्ती करता येणार नाही. आणि एक दिवस वाचताही येणार नाही. अप्पांच्या चारशे पानांना धोका होता तो हा. व्हायरसचा धोका त्यापुढे लहान म्हणावा लागेल.

हे लक्षात आल्यावर आमच्या घरातला प्रश्नच बदलला. ‘विंडोज बदलावी का’ हे आम्ही बाजूला ठेवलं आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ग्रंथालयात नव्या इमारतीत जाण्याआधी जशी मोजदाद करतात, तशी संगणकाची मोजदाद केली. चार प्रश्न विचारले. तुम्हीही विचारून पाहा.

पहिला प्रश्न : या यंत्रावर आपण नेमकं काय काय करतो? आमच्या यादीत होतं : अप्पांचं लेखन, इमारतीच्या सोसायटीचे हिशेब, वीज आणि टेलिफोनची बिलं, अप्पांच्या निवृत्तिवेतनाचं बँक खातं पाहणं, फोटो, आणि नातवाच्या शाळेची छपाई.

दुसरा प्रश्न : यातल्या कोणत्या कामाला इंटरनेट लागतं? पाहिलं तर फक्त बिलं, बँक आणि ई-मेल यांनाच. लेखन, जुने हिशेब, छपाई यांना लागत नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे. ज्या यंत्राला बाहेरचं दारच नाही आणि ज्यात कुणाचाही पेन ड्राइव्ह आपण सरसकट खुपसत नाही, त्याला मुदत संपल्याचा धोका फारच कमी. आणि ज्या यंत्रावरून पैशांचे व्यवहार होतात, ते मुदत संपलेल्या प्रणालीवर चालवणं मात्र मुळीच शहाणपणाचं नाही.

तिसरा प्रश्न : यातलं काय पुन्हा मिळण्यासारखं आहे आणि काय नाही? प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. प्रिंटर नवा येतो. विंडोजही पुन्हा चढवता येते. फोटो, हिशेब आणि विहिरी पुन्हा मिळत नाहीत.

चौथा प्रश्न : जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत कुठे आहे? या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर येतं, ते म्हणजे शांतता.

यावर जाणकारांचा एक सोपा नियम आहे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर असावी. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत किंवा गावातल्या नातलगाकडे. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक. वर्षानुवर्षं जपून ठेवायला त्याच्यावर विसंबू नये. आणि एक गोष्ट ग्रंथालयाच्या अनुभवाने सांगते. प्रत केली म्हणजे काम झालं नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली म्हणजे काम झालं.

अप्पांचा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये आणला. असं रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. रफार भटकतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून मूळ मजकुराची पीडीएफ प्रत आधी काढली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून ठेवता येतो, त्यामुळे पान जसंच्या तसं दिसतं. मग ती समोर ठेवून रूपांतरित मजकूर ओळीओळीने तपासला. रोज दहा पानं. अप्पा वाचत, मी दुरुस्त करी. एकदा ‘सूर्याची विहीर’ची ‘सूयार्ची विहीर’ झालेली पाहून अप्पा म्हणाले, “अहो, दोनशे वर्षांत तिचं पाणी हललं नाही, तुमच्या मशीनने रफार हलवला!” दीड महिना लागला. शेवटी एक छापील प्रतही बांधून घेतली. कागदाला अपडेट लागत नाही.

हे झालं आणि मग प्रणालीचा निर्णय अगदी सोपा झाला. कारण आता हरवण्यासारखं काही त्या यंत्रात अडकून राहिलं नव्हतं.

आपल्यासमोर वाटा कोणत्या, ते थोडक्यात सांगते.

यंत्र अटीत बसत असेल, तर विंडोज १० वरून ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत. तिथे फार घोळ घालू नये. नवी प्रणाली आवडली नाही तर पहिल्या दहा दिवसांत मागे फिरण्याची सोयही त्यात असते.

यंत्र बसत नसेल आणि तयारीला वेळ हवा असेल, तर विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने जादा सुरक्षा-अपडेटची एक योजना काढली. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. संगणकाच्या मांडणीची नोंद त्या खात्यात ठेवायला संमती दिली तर पैसे पडत नाहीत, एरवी एकदाच शुल्क भरायचं. पण ही फक्त मुदतवाढ. परीक्षा पुढे ढकलली म्हणजे ती रद्द झाली असं नव्हे.

तिसरी वाट लिनक्सची. उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात, आणि मराठी युनिकोड त्यांत छान दिसतं. विशेष म्हणजे संगणकातलं काहीही न पुसता, पेन ड्राइव्हवरून सुरू करून त्या आधी वापरून पाहता येतात. मात्र टॅलीसारखे खास विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम ज्यांना लागतात, त्यांनी विचार करूनच या वाटेला जावं. केवळ पत्र, ई-मेल आणि बातम्या एवढंच काम असेल, तर ही वाट नक्की पाहून घ्यावी.

चौथी वाट नवं यंत्र घेण्याची. त्याआधी एक करून बघा. संगणक ‘हळू’ झालाय एवढीच तक्रार असेल, तर बऱ्याचदा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र तरतरीत होतं. पण यंत्र वेगवान झालं म्हणून प्रणालीची मुदत वाढत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि जुनं यंत्र भंगारात देताना त्यातली डिस्क पुरती पुसून किंवा काढून घेऊन मगच द्यावी.

पाचवी एक वाट आहे, ती टाळावी असं मी म्हणेन. ‘ताई, पाचशे रुपयांत सगळं टाकून देतो’ असं म्हणणारा कुणी येतो आणि चोरीची प्रत चढवून जातो. वर तिची चोरी उघड होऊ नये म्हणून अपडेट बंद करून ठेवतो. म्हणजे तारीख उलटलेली नळी काढून तारीख खोडलेली नळी बसवली!

आम्ही काय केलं? मुलाने नवा लॅपटॉप घेतल्यावर त्याचा २०१९ सालचा जुना पडून होता. तो अटीत बसत होता. त्यावर विंडोज ११ घेतली आणि बँक, बिलं, ई-मेल तिथे हलवलं. जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर काढून टाकली. तो आता जुने हिशेब पाहायला आणि जुन्या प्रिंटरवर छापायला वापरतो. काम वाटून दिलं. दोन्ही यंत्रं सुखी आहेत.

यात पैसे फारसे गेले नाहीत. पण एक खर्च झाला आणि तो कुणी हिशेबात धरत नाही. तो म्हणजे सवयीचा खर्च. ज्येष्ठ माणसं संगणक समजून वापरतात तसा हाताच्या सवयीनेही वापरतात. डाव्या कोपऱ्यात खाली बटण आहे, तिसऱ्या ओळीत बँक आहे, अशी त्यांची वाट पाठ असते. अंधारात उठून पाण्याचा तांब्या नेमका सापडावा, तशी. विंडोज ११ ने ते बटण मधे आणून ठेवलं आणि अप्पा दोन दिवस त्या लॅपटॉपला हातच लावेनात. ‘तूच बघ बाई माझं खातं’ म्हणाले. मला ते लागलं. जो माणूस आपलं निवृत्तिवेतन स्वतः पाहतो, त्याला एका बटणापायी दुसऱ्यावर अवलंबून राहायला लागावं हे काही बरं नाही. ते बटण पुन्हा डावीकडे नेण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. तसं केलं, अक्षरं मोठी केली, बँक आणि ई-मेल यांची चित्रं जुन्याच जागी लावली आणि दोन्ही यंत्रं पंधरा दिवस शेजारीशेजारी ठेवली. आता ते पुन्हा स्वतःचं स्वतः पाहतात. तेव्हा घरातल्या ज्येष्ठांचा संगणक एका रात्रीत बदलू नका. ‘सरप्राइज’ म्हणून तर मुळीच नको.

आणि या निमित्ताने एक धोक्याची सूचना. ‘तुमची विंडोज बंद पडणार आहे, आम्ही कंपनीतून बोलतोय’ असे फोन येतात. पडद्यावर मोठ्ठी लाल चौकट येते आणि तिच्यात फोन नंबर असतो. कंपनी स्वतःहून असा फोन करत नाही आणि तिच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. असा फोन आला तर ठेवून द्यावा. ते सांगतील तो प्रोग्रॅम उतरवून घेऊन आपला पडदा त्यांना दाखवू नये. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

बदल करायचा ठरलाच, तर वेळ आपण निवडावी. मार्चअखेरीस सोसायटीचे हिशेब चालू असताना नको, आयकर विवरणाच्या शेवटच्या आठवड्यात नको, मुलांच्या परीक्षेत नको. वीज जाण्याचा वार असेल त्या दिवशी तर नकोच. प्रती काढून, त्या उघडून पाहून, पासवर्ड वहीत लिहून, ती वही कपाटात ठेवून, मगच ‘होय’ म्हणावं.

शेवटी एवढंच सांगते. विंडोज असो, लिनक्स असो, की उद्या आणखी काही येवो, ही भाड्याची घरं आहेत. मालक बदलतो, मुदत संपते, डागडुजी थांबते. भाड्याच्या घराला किती जीव लावायचा ते आपण जाणतो. पण घरातलं सामान आपलं असतं. ते नीट बांधून, नावं घालून, उचलता येईल असं ठेवलेलं असेल, तर घर केव्हा सोडायचं याची धास्ती राहत नाही. ज्याचं सामान बांधलेलं आहे त्याला पडद्यावरची कोणतीही तारीख घाबरवू शकत नाही. तो निवांत बसून, स्वतःच्या सोयीने ठरवतो, की खिडकी आत्ता बदलायची, की पावसाळा गेल्यावर.